तुमच्या काचेतला माझा फोटो

९ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही आणि माझी धाकटी जाऊ बरे असाल. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण घरात माझ्याशी बोलणारा आता तो एकटाच उरलाय, म्हणून मी त्याला फार गप्प करत नाही.

दुकान चाललंय. शाळांच्या गणवेशाचा हंगाम संपला आणि दिवाळीची शिवण तोंडावर आली, त्यामुळे दुरुस्तीला शिवणमशिनं रांगेनं येतायत. हंगामात शिवणारी माणसं मशीन मरेस्तोवर दामटतात, मग ते माझ्यापुढे आणून ठेवतात आणि म्हणतात, "कालपर्यंत मस्त चालत होतं हो." तुमचे दादा अशा वेळी नुसती मान हलवायचे आणि आधी सुई काढून बघायचे. मीही तसंच करते. लोक मला आता "मशीनवाल्या काकू" म्हणतात. पूर्वी "मशीनवाल्यांच्या घरच्या" म्हणायचे. ही बढती कशी मिळाली ते तुम्हाला माहीतच आहे.

फोन न करता पत्र लिहितेय याचं नवल वाटेल. फोनवर तुम्ही इतकं गोड बोलता की फोन कशाला केला होता तेच मी विसरते. "वहिनी, जेवलात का? वहिनी, गुडघ्याला शेकता ना?" मी हो हो म्हणत फोन ठेवते, आणि मग आठवतं. पत्रात कुणाला मध्येच बोलता येत नाही, ही त्यातली सोय.

तर झालं असं. मागच्या आठवड्यात एक बाई मशीन घेऊन आली. शाळेचे गणवेश शिवते, म्हणून मी तिला मनात गणवेशवाली म्हणायचे, आता तोंडावरही म्हणते, तिची हरकत नाही. चाळिशीची असेल. बोलणं कमी, हात चपळ, आणि डोक्याला पार भुवयांपर्यंत गच्च रुमाल. मशीन टाका सोडत होतं. मी खालची पट्टी काढली, तर दोरा पकडणाऱ्या आकडीचं टोक बोथट झालेलं. मी वाकून ते घासत होते आणि ती माझ्या डोक्याकडे बघत होती. कामाकडे बघणारं गिऱ्हाईक कळतं. ही डोक्याकडेच बघत होती.

"तुम्ही त्या फोटोतल्या ना?" ती म्हणाली.

"कुठल्या फोटोतल्या?"

"केसांच्या दवाखान्याच्या काचेतल्या. आधी आणि नंतर."

"मी नाही बाई. मी या दुकानातली."

"तुम्हीच. हनुवटीवर तीळ आहे." मग खालच्या आवाजात म्हणाली, "किती दिवस लावलंत हो ते? मला वर्ष होऊन गेलं. माझे काही येत नाहीत. माझं लावायचं चुकत असेल का?"

आणि तिनं रुमाल काढला.

भाऊजी, मी केस गळलेल्या बायका पाहिल्यात. मी स्वतः त्यातून गेलेय. पण हे तसं नव्हतं. कपाळाच्या वरची कड मागे सरकलेली, टाळूवर तळहाताएवढी जागा मोकळी, आणि तिथली कातडी घासलेल्या चमच्यासारखी चकाकत होती. कडेनं लालसर. मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, "आग होते. दवाखान्यात सांगतात, आग होते म्हणजे औषध लागू पडतंय."

मशीन दुरुस्त करून दिलं. मग दुपारी दुकान ओढून घेतलं आणि तुमच्या दवाखान्याच्या रस्त्याला आले. तुमचंही दार बंद होतं. काच मात्र उघडी होती, आणि काचेत मी होते. दाराहून मोठी. दोनदा. डावीकडे "आधी", उजवीकडे "नंतर", आणि खाली लाल अक्षरांत "आमच्या उपचारांचा परिणाम, तुम्हीच पाहा." मी पाहिलं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन माझ्याकडे आणि काचेकडे आळीपाळीनं बघायला लागला, तेव्हा मी निघाले.

फोटो काढताना तुम्ही म्हणाला होतात, "फाइलसाठी." फाइलला एवढी मोठी काच असते हे मला ठाऊक नव्हतं.

मी भांडायला लिहीत नाहीये. दोनच गोष्टी सांगायच्यात. फोटो उतरवा. आणि त्या बाईला एकदा स्वतः नीट तपासा, नाहीतर मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. तिचं डोकं मला बरं दिसत नाही. मी डॉक्टर नाही, पण लाल आणि चकचकीत यांतलं काहीच निरोगी कातडीचं लक्षण नसतं, एवढं मला घरकामात हात भाजण्यावरूनही कळतं.

डावीकडच्या फोटोबद्दल काही लिहीत नाही. तुम्हीच एकदा बाहेर उभं राहून तो बघा.

धाकटीला आशीर्वाद. उत्तराची वाट बघते.

तुमची
वहिनी


२४ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचा फोन आला. "बघतो वहिनी," म्हणालात. तुम्ही काय बघितलंत ते कळलं नाही, कारण मी काल बघून आले, मी अजून काचेतच आहे.

मग धाकटी आली. शांपूचा खोका घेऊन आली. ती बिचारी दुकानात कधी येत नाही, तेलाचे डाग पडतात म्हणून. दारातच उभी राहिली.

"ताई, फोटो उतरवला तर काच रिकामी दिसेल."

"पडदा लाव."

"तसं नाही. लोक तुमचा चेहरा बघून आत येतात. त्यांना विश्वास वाटतो."

"म्हणूनच उतरवायचा."

"किती छान दिसता तुम्ही त्यात. मी तर यांना म्हणते, पुढचा माझा लावा."

"लावू दे की. तुझे कधी गेलेत?"

यावर ती हसायची थांबली. तिचा राग नाही. तुम्ही पाठवलंत म्हणून ती आली. पण घरातल्या बायकांना पुढे करून आपण मागे राहायचं, ही सवय तुमच्या घरात नव्हती. तुमच्या दादांना तर नव्हतीच. खोका परत पाठवतेय.

आता मुद्द्याचं. तुम्ही गणवेशवालीला बोलावलं नाहीत, म्हणून मी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. एकटीनं ती गेली नसती. तिला वाटत होतं, केसांसाठी एवढ्या मोठ्या दवाखान्यात गेलं तर हाकलून देतील, तिथे खरे आजारी लोक असतात. बघा, बाई स्वतःच्या आजारालाही खोटा आजार समजते. केस गेले की जगातल्या प्रत्येकाला सल्ला सुचतो. तेल बदल, डोकं कमी चालव, रडू नकोस, जास्त धुऊ नकोस, कमी धुऊ नकोस. आणि सल्ल्यांच्या रांगेत शेवटी तुमची बाटली.

तिथल्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. बायकाच बायका. एक मुलगी हॉटेलात स्वागताच्या टेबलावर काम करते, केस इतके ओढून बांधावे लागतात की भुवया वर जातात. कामाचा नियमच आहे म्हणे, एक केस सुटलेला चालत नाही. तिची कपाळाची कड मागे गेलीये. कानशिलापाशी हात लावून मला म्हणाली, "काकू, नोकरी सोडू की केस?" दुसरी बाळंतीण, बाळ मांडीवर आणि बाळाच्या मुठीत आईचे गळलेले केस. तिला डॉक्टरनं पाच मिनिटांत घरी पाठवलं, बाळंतपणानंतर असं होतं, येतील परत म्हणाली. ती आनंदानं रडतच बाहेर आली. आणि एक अगदी फिकट मुलगी होती, तिचा भांग रुंद झालेला. तिला आत पाळी किती दिवस चालते ते विचारलं आणि रक्त तपासायला धाडलं. बाहेर येऊन ती मला म्हणते, "केसांसाठी आले तर पाळीचं विचारतात." मलाही ते नवीन वाटलं. मग वाटलं, नवीन का वाटावं? डोकं काय दुसऱ्या बाईचं असतं? वर्षानुवर्षं अंगातून रक्त जातं तेव्हा कुणी विचारत नाही, कारण ते कुणाला दिसत नाही. भांग रुंद झाला की आई, मावशी, शेजारीण सगळ्यांना दिसतो, आणि मग त्यांना मुलीची काळजी वाटत नाही, भांगाची वाटते.

भाऊजी, त्या बाकावर आम्ही सगळ्या एकाच तक्रारीला आलो होतो आणि प्रत्येकीचं कारण वेगळं होतं. तुमच्याकडे मात्र सगळ्यांना एकच बाटली.

त्वचेची डॉक्टर तुमच्याहून लहान. पोरगीच म्हणा. तिनं गणवेशवालीचा रुमाल स्वतःच्या हातानं सोडला, घडी करून तिच्या मांडीवर ठेवला, आणि दिव्याचं भिंग घेऊन बोटाबोटाच्या अंतरानं सगळं डोकं बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "केसांची मुळं दोन तऱ्हेनं जातात. काही झोपतात, काही मरतात. झोपलेली उठतात. तुमच्या डोक्यात आतून सूज आहे आणि ती मुळं मारतेय. जिथली मेली तिथे आता केस येणार नाहीत. पण सूज थांबवता येते, उरलेले वाचवता येतात. वर्षभर आधी आला असतात तर..." एवढं बोलून ती थांबली. चांगली डॉक्टर आहे. पुढचं वाक्य तिनं गिळलं.

कातडीचा कणभर तुकडा तपासायला घेतला. गोळ्या दिल्या, डोक्यात टोचायची इंजेक्शनं सांगितली. गणवेशवालीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग एवढंच विचारलं, "ती बाटली थोडी उरलीये. लावून संपवू की नको?"

मी त्या वेळी खिडकीकडे बघत होते. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

निघताना डॉक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, तुमचं काही? मी म्हटलं, माझे गेले होते, आले परत. तिनं विचारलं, "जायच्या दोन-तीन महिने आधी काही झालं होतं का? मोठा ताप, ऑपरेशन, काही धक्का?"

मी म्हटलं, "नवरा गेला."

म्हणाली, "मग तेच. ते आपोआप येतात."

म्हणजे बघा, मला तिनं तपासलंही नाही. दाराशी उभ्या उभ्या कळलं तिला. घरी येऊन मी वाचनालयातलं पुस्तक आणून वाचलं. मला सवय आहे, तुम्हाला माहीत आहे, शाळेनं सातवीत सोडलं तिथून पुढे मी पुस्तकांनीच शिकलेय. पुस्तकातही तेच. केस वाढतात, मग विश्रांती घेतात, मग गळतात, नवे येतात. मोठा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं जिवंतच असतात. दोन पानं होती फक्त. त्यात बाटलीचं नाव नव्हतं.

एक कबूल करते. तुम्ही दिलेली बाटली मी दोनदा लावली. चिकट होती, उशीला डाग पडायचे, सोडून दिली. तुम्ही "नियमित लावता ना?" विचारायचात, मी हो म्हणायचे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तेव्हा "आमच्या उपचारांचा परिणाम" नक्की कुणाचा परिणाम आहे ते आता तुमचं तुम्ही ठरवा.

आणि डावीकडचा फोटो. मागच्या पत्रात मी टाळलं, आता लिहिते. त्या फोटोत माझ्या अंगात तपकिरी स्वेटर आहे. तो माझा नाही. खांद्यावरून ओघळतोय, बाह्या बोटांपर्यंत आल्यात. तो तुमच्या भावाचा आहे. त्या दिवसांत मी तो काढत नव्हते. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, या बाईला कपडे घालायचंही भान नाही, केस गेल्यावर बाई अशी होते. लोक माझ्या टकलाकडे बघत नाहीत भाऊजी, माझ्या सुतकाकडे बघतात, आणि तुम्ही त्याखाली लाल अक्षरं लिहिलीत.

फोटो उतरवा. हे मी दुसऱ्यांदा सांगतेय.

वहिनी


६ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

परवा तुम्ही स्वतः आलात, बरं वाटलं. मी चहा ठेवला, तो तुम्ही प्यायला नाहीत. तुमच्या दादांच्या स्टुलावर बसलात. त्यांच्यासारखेच बसता, एक पाय दांडीवर. क्षणभर माझा सगळा राग गेला होता. मग तुम्ही बोलायला लागलात.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी खोटं काय लिहिलंय? आधी नव्हते, नंतर आले. फोटो खोटे आहेत का?"

मी म्हटलं, "फोटो खरे आहेत. खालची ओळ खोटी आहे."

"बाटलीनं कुणाचं नुकसान तर होत नाही."

"वेळ जातो. तिचा गेला."

"तिचं तसलं दुखणं शेकड्यात एखादीला असतं. मला कसं कळणार?"

"रुमाल सोडून बघितलंत का कधी? ती म्हणते, डॉक्टर पहिल्या दिवशी भेटले, टेबलापलीकडून. पुढे काउंटरवरच्या मुलीनं फोटो काढले आणि बाटल्या दिल्या."

"गर्दी असते हो वहिनी."

"गर्दी कशानं असते?"

तुम्ही स्टुलावरून उठलात आणि जाता जाता म्हणालात, "दादा असता तर त्यानं मला समजून घेतलं असतं."

मी तेव्हा गप्प राहिले. मला उत्तर सुचलं नाही असं नाही. हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि आवाज चढला असता. म्हणून आता लिहिते.

तुमचे दादा नुसतं तेल मागणाऱ्या मशीनला तेलच घालायचे. भाग विकायचे नाहीत. लोक हट्ट करायचे, काहीतरी बदला हो, एवढ्या लांबून आणलंय. ते म्हणायचे, "याला काही झालेलं नाही, घरी न्या." त्यामुळे आम्ही श्रीमंत झालो नाही ते झालो नाही. पण त्यांच्या नावावर मी आज दुकान उघडते तेव्हा रस्त्यात कुणाला बघून मला तोंड फिरवावं लागत नाही. त्यांनी तुम्हाला समजून घेतलं असतं, हे खरं आहे. जवळ बसवून, समजून घेऊन, मग स्वतः काचेवरून फोटो उतरवला असता.

पण मला खरा राग याचा नाही. राग कशाचा आहे ते मी दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. मला वाटलं होतं तुम्हालाच आठवेल, आणि आठवलं की फोटो आपोआप उतरेल. परवा तुमच्या बोलण्यावरून कळलं की एकतर तुम्हाला आठवत नाही, किंवा आठवायचं नाही.

ते जाऊन तीनेक महिने झाले होते. तुम्ही मला भेटायला आला होतात. मी बेसिनपाशी उभी होते आणि माझ्या मुठीत केस होते. जाळी तुंबली होती, पाणी उतरत नव्हतं, आणि मला वाटत होतं की आता माझंही एकेक करून सगळं निघून जाणार. तुम्ही बाह्या वर केल्यात. जाळीतले केस स्वतःच्या बोटांनी काढलेत, कागदात गुंडाळलेत, बेसिन धुतलंत. मग म्हणालात, "वहिनी, हे दादाच्या जाण्याचं आहे. दुःख डोक्यापर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागतात. काही लावू नका, काही करू नका. वेळेवर जेवा. परत येतील."

तुम्हाला माहीत होतं, भाऊजी. त्या डॉक्टर पोरीला दाराशी कळलं, मला पुस्तकात सापडलं, पण तुम्हाला तर पहिल्याच दिवशी माहीत होतं.

त्या दिवसांत जो तो मला सांगत होता, सावर, स्वतःकडे बघ, असं करून कसं चालेल. जणू मी काही चुकीचं करत होते. तुम्ही एकट्यानं सांगितलंत की हे होणारच, आणि हे संपेल. त्या एका वाक्यावर मी जेवायला बसले. खरंच सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदा ताट संपवलं. पुढे दोन महिन्यांनी तुम्ही बाटली घेऊन आलात, "नवीन आलंय, लावून बघा, तोटा नाही," आणि आधीचा फोटो काढलात, तेव्हा मी मनाशी म्हटलं, चांगला माणूस आहे, नवा धंदा सुरू करतोय, असू दे.

आणि कपाळावर बारीक केस उगवायला लागले तेव्हा काय झालं तेही सांगते, कुणाला सांगितलं नाही. मला आनंद झाला नाही. मी आरशासमोर उभी राहून रडले. वाटलं, डोकंसुद्धा त्यांना विसरायला लागलं. मी अजून दोन कप काढत होते आणि डोकं आपलं नव्यानं सुरू झालं होतं. उजवीकडच्या फोटोत मी हसतेय, ते तुम्ही "वहिनी, हसा जरा" म्हणालात म्हणून. त्या हसण्यावर बायका तुमच्या पायऱ्या चढतात.

तुमच्याकडे खरं वाक्य होतं. तुम्ही ते मला फुकट दिलंत आणि बाकीच्या बायकांपासून लपवलंत, कारण त्या वाक्याची बाटली भरता येत नाही. याचा मला राग आहे. गणवेशवालीला तुम्ही ते सांगू शकत नव्हतात, तिचं वेगळं होतं. पण बोटांनी जाळी साफ करणारा माणूस तिच्या टेबलापलीकडे बसला असता, तर त्यानं उठून रुमाल सोडला असता. तो माणूस कुठे गेला, हे मला तुम्हाला विचारायचं आहे.

तिची बातमी देते. इंजेक्शनं सुरू झाली. लाली उतरतेय, आग थांबलीये. पुढची जागा गेली ती गेली. मागचे आणि बाजूचे राहतील असं डॉक्टर म्हणते. तिनं रुमाल सोडून टोपी घ्यायचं ठरवलंय, स्वतःच शिवतेय, गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची. म्हणाली, "आता कुठल्याही शाळेत खपेन." मी हसले, तीही हसली.

आता मी काय केलं ते ऐका. तुमच्या काउंटरवरच्या मुलीनं सांगितलंच असेल, पण ती घाबरलेली होती, नीट सांगितलं नसेल.

काल दुपारी दुकान बंद करून मी तुमच्या दवाखान्यात आले. तुम्ही आत होतात, तुम्हाला उठवू नका म्हटलं. बाहेरच्या खुर्च्यांवर, माझ्याच फोटोच्या मागे, पुस्तक घेऊन बसले. मुलीनं विचारलं, "अपॉइंटमेंट आहे का?" मी काचेकडे बोट दाखवलं. तिनं पाणी आणून दिलं. चांगली पोर आहे, तिला काही बोलू नका.

थोड्या वेळानं एक बाई आली, लेकीला घेऊन. लेक विशीची, मान खाली. आईनं माझ्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं.

"तुम्हीच का हो त्या?"

"मीच."

"खरंच फरक पडला?"

मी म्हटलं, "आधी माझा नवरा वारला. नंतर मी जेवायला लागले. मध्ये बाटली होती, ती अजून घरी भरलेली आहे."

आई माझ्याकडे बघत राहिली. लेकीनं मात्र मान वर केली. मी तिला विचारलं, मागच्या दोन-चार महिन्यांत आजारी होतीस का? आई म्हणाली, "कसली आजारी, उगाच बारीक व्हायचं वेड, नीट खात नाही." लेक म्हणाली, "मला टायफॉइड झाला होता ना आई." आई म्हणाली, "त्याला किती महिने झाले." मग ती स्वतःच बोटांवर महिने मोजायला लागली. मी तिला मोठ्या दवाखान्याचा पत्ता सांगितला, आणि म्हटलं, मी डॉक्टर नाही, माझ्यावरही विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. त्या दोघी आत न जाता गेल्या. जाताना लेकीनं माझ्या खांद्याला हात लावला.

मी रोज दुपारी येणार आहे, भाऊजी. तुम्ही घरचे, त्यामुळे मला परवानगी लागत नाही. कुणाला तुमची निंदा सांगणार नाही. कुणी विचारलं तरच बोलेन, आणि जे झालं तेवढंच बोलेन. वहिनीला खुर्चीवरून उठवायचं असेल तर उठवा, पण ते तुम्हाला स्वतः बाहेर येऊन, बायकांच्या देखत करावं लागेल. धाकटीला पाठवू नका.

गणवेशवाली म्हणाली, मीही येते, माझं डोकं दाखवते त्यांना. मी नाही म्हटलं. तुझं डोकं तुझं आहे, ते कुणाला पटवण्यासाठी मांडून ठेवायचं नाही. एकीचं मांडलं गेलं तेवढं पुरे.

फोटो उतरवलात की मी यायची थांबेन, असं लिहिणार होते. पण खरं सांगू, आता नुसत्या फोटोनं माझं भागणार नाही. फोटो उतरवा आणि त्या खुर्च्यांवर बसलेल्या एकेकीला आत बोलवा, रुमाल सोडा, बोटं लावून बघा, काय झालं होतं ते विचारा. जिला काही करायची गरज नाही तिला तसं सांगा, जिला दुसरीकडे पाठवायला हवं तिला आजच पाठवा. तुम्हाला येतं हे. मी बेसिनपाशी बघितलंय. त्या दिवशी मी बाहेरच्या खुर्चीवरून उठेन आणि आत येऊन तुमच्या हातचा चहा पिईन.

ज्या बाईला तुम्ही एकदा खरं सांगितलं होतंत, ती,
तुमची
वहिनी